हाताच्या पाठीवरचे घट्टे

मी बारीक आहे. लहानपणापासून बारीक. हे आधीच सांगून टाकते, कारण कोलेस्टेरॉल म्हटलं की लोक पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघतात आणि मग तोंडाकडे. "तुम्हाला? कसं काय?" फॅक्टरीत डबा खायला बसले की कुणीतरी माझ्या भाजीवरचं तेल निरखून बघतंच. आता मला त्याचा राग येत नाही असं लिहिणार होते, पण येतो.

तेराव्या वर्षी मला हे कळलं. आज मी चौतीस वर्षांची आहे. बोईसरला एका औषधाच्या फॅक्टरीत पॅकिंगची सुपरवायझर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या खोक्यात भरून घेते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची घेते. ज्यांच्या घरी असा रिपोर्ट नुकताच आलाय आणि ज्यांना वाटतंय की लॅबवाल्यानेच काहीतरी घोळ घातला असणार, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याही घरी तसंच वाटलं होतं.

बाबांचे हात

माझं माहेर दांडी या किनाऱ्यावरच्या गावचं. बाबा बोटीवर जायचे, आजोबाही जायचे. बाबांच्या हाताच्या पाठीवर, बोटं जिथून सुरू होतात त्या सांध्यांवर, वाटाण्याएवढ्या टणक गाठी होत्या. टाचेच्या वरची शीरही जाडजूड. दुखत नसत, खुपत नसत. आम्ही त्यांना घट्टे म्हणायचो. दोर ओढून ओढून पडलेले घट्टे. आजोबांनाही होते म्हणे. किनाऱ्यावर जुनी माणसं म्हणायची, या घरचे हात बघा, कष्ट कसे दिसतात ते.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दहावीनंतर तो बोटीवर जायला लागला आणि वर्षभरात त्याच्या हातावरही घट्टे दिसले. बाबांनी त्याचा हात धरून शेजारच्या नाखव्याला दाखवला. "बग, झाला पोरगा खलाशी." दादा लाजला होता, पण नंतर आठवडाभर तो जेवताना हात मुद्दाम पुढे करून बसायचा.

मग मला आले.

आमच्याकडे बायका बोटीवर जात नाहीत. मासळी निवडणं, सुकवणं, बाजारात नेऊन विकणं हे सगळं बायकांचं, पण दोर ओढणं नाही. मी तर आठवीत, जाळ्याला हातही न लावणारी. तरी माझ्या उजव्या हातावर दोन आणि डाव्यावर एक गाठ आली. आईने हळद लावून बघितली. बाबा मात्र खूश. "पोरीनं बापाचे हात घेतले," असं ते येईल त्याला सांगायचे. मलाही भारी वाटायचं. वर्गात मी मुलींना ते बोट लावून बघू द्यायचे.

त्या वर्षी शाळेत तपासणीला पालघरहून एक डॉक्टरबाई आल्या होत्या. दात, जीभ, वजन, उंची, पुढची. माझा हात त्यांनी धरला तो सोडलाच नाही.

"तू जाळं ओढतेस का गं?"

"नाही. मुली नाही जात बोटीवर."

"मग हे कशाने झालं?"

"हे आमच्या बाबांचे आहेत," मी म्हटलं. मागच्या मुली खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला चप्पल काढायला लावली, टाचेच्या मागे बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या बाबांना घेऊन पालघरला ये. काही खाऊन येऊ नकोस."

पालघरचा दिवस

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या शर्टात ते लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते आणि दवाखान्यात अवघडून बसले होते. रक्त दिलं, रिपोर्ट आला, लॅबवाल्याने तो चुकला असेल म्हणून पुन्हा तपासला. तेवढाच आला.

डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या. हे खाण्यामुळे नाही, रक्तातच आहे, आई किंवा बाप यांच्याकडून येतं. चरबी साफ करायचं शरीराचं काम जन्मापासून अर्धंच चालतं. या गाठी त्या चरबीच्याच. आज दिसतेय ती हातावर, पण तीच हृदयाच्या नळ्यांत पण साठते. मुलीला गोळी सुरू करू. आणि तुमची, तुमच्या मुलाची तपासणी करा. तुमचे हातही मला बरोबर वाटत नाहीत.

बाबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"आमाला कसला हो तो रोग," ते म्हणाले. "शेटजींचा रोग तो. बसून खानाऱ्यांचा. आमी मेहनतीची मान्सा."

"मुलगी कुठे बसून खाते?" बाईंनी विचारलं. बाबांनी माझ्या गोळीची चिठ्ठी तेवढी उचलली आणि ते उठले.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. मला एवढंच कळलं होतं की हृदयात काहीतरी आहे आणि गोळी कायमची आहे. मी रडू नये म्हणून बाबांनी स्टेशनसमोरच्या गाडीवरून मला दोन बटाटेवडे घेऊन दिले. तळलेलं बंद, असं डॉक्टरांनी सांगून पाच मिनिटं झाली नव्हती. मी ते रडत रडत खाल्ले आणि बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत उभे राहिले.

माझी गोळी त्यांनी कधी चुकू दिली नाही. वादळ असो, बोट बंद असो, पाकीट संपायच्या आत नवं घरात असायचं. स्वतःचं रक्त मात्र त्यांनी दिलं नाही. मी दहावीत असताना एका सकाळी बोट लागली, बाबा टोपली घेऊन वाळूत उतरले आणि खाली बसले. बसले ते उठलेच नाहीत. गावात सगळे म्हणाले, माणूस कष्टाने गेला, दर्याने दमवला. अंत्ययात्रेच्या आधी नाखव्याने त्यांचे हात छातीवर नीट ठेवले आणि जमलेल्या पोरांना म्हणाला, "बगा रे हात." दादा माझ्या शेजारी उभा होता. तेव्हापासून ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं, हे मला फार उशिरा कळलं.

गोळी आणि सल्लागार

गोळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घ्यायची. कधी पोटऱ्या दुखतात, कधी कंटाळा येतो, तरी घ्यायची. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. त्रास गोळीपेक्षा सल्लागारांचा जास्त असतो. दुधीचा रस, लसणाची पाकळी, मेथीचं पाणी, कुणाच्या तरी मेव्हण्याला महिन्यात फरक पडलेला कसलासा काढा. मी लसूण खाल्ला, दुधीचा रस एकदा प्यायले आणि मोरीत ओतला. सल्ला देणाऱ्याला "बरं" म्हणायचं आणि गोळी घ्यायची, ही माझी पद्धत. मासळी मात्र सोडली नाही, तळायची तेवढी सोडली. बोंबलाच्या कालवणाबाबत मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

लग्नाच्या वेळी आईचं म्हणणं पडलं, आधी बोलू नको, नंतर कळेल हळूहळू. मी ऐकलं नाही. संजय माझ्याच फॅक्टरीत मेंटेनन्सला होता, जळगावकडचा. त्याला मी सरळ सांगितलं की मला जन्मापासून हे आहे, जन्मभर गोळी आहे, पुढे काहीही होऊ शकतं. तो म्हणाला, "माझी आई रोज बीपीची घेते. डब्यात तुझीपण ठेवू." मग जरा थांबून काळजीने विचारलं, "पण शेवभाजी चालेल ना तुला?" तर्री तरंगणारी ती भाजी मला चालत नाही. तरी मी त्याच्याशी लग्न केलं.

माझ्या मुलीच्या, ओवीच्या वेळी डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली. दिवस असताना आणि मूल अंगावर पीत असताना ती घेत नाहीत. मला ते सगळे महिने धाकधूक होती. ओवी मोठी झाल्यावर तिचं रक्त तपासलं. तिच्यात नाही. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या पायरीवर बसले आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

दाढ

गेल्या वर्षी पॅकिंगचा जिना चढताना माझी दाढ दुखायला लागली. खालच्या जबड्यात, डावीकडे. वर पोचून उभी राहिले की थांबायची. मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, दात उत्तम आहेत. मी त्याला म्हटलं, अहो पण जिना चढतानाच दुखतं. त्याने आरसा खाली ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "जिना चढताना दात दुखत नसतात, ताई. आजच हार्टच्या डॉक्टरकडे जा."

वीस वर्षं ज्याची मी वाट बघत होते ते आलं तेव्हा मी त्याला दाढ समजले. हे वाचणाऱ्या बायकांना एवढं सांगते की आपल्या छातीत सिनेमासारखी कळ येईलच असं नाही. जबडा, खांदा, पाठ, नुसती मळमळ, काहीही असू शकतं. बघून घ्या.

पालघरला ईसीजीची पट्टी काढली आणि त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. अँजिओग्राफीची खोली इतकी गार होती की माझे दात वाजत होते. मनगटातून नळी घातली. पडदा माझ्या बाजूलाच होता, पण मी बघितलं नाही. एक टेक्निशियन मुलगा सारखा म्हणत होता, "दीदी, हिलना नहीं, बस हो गया," आणि होत काहीच नव्हतं. मला मरायची भीती वाटली. स्वच्छ, सरळ भीती. ओवीची वेणी संजयला घालता येत नाही, हा विचार डोक्यात आला आणि जाईचना. मुख्य नळी बरीच बंद होती. त्याच टेबलावर स्टेंट बसवला.

वॉर्डात पहाटे उठवून ताप बघतात. कशासाठी ते कुणालाच माहीत नसतं. बिनसाखरेचा चहा येतो, शेजारच्या खाटेवरच्या काकू तो परत पाठवतात, तो पुन्हा येतो. रात्रपाळीची मल्याळी सिस्टर माझ्या मनगटावरची पट्टी सोडवताना दर वेळी "सॉरी मोळे" म्हणायची. अर्थ विचारला तर म्हणाली, मोळे म्हणजे मुलगी. त्या चार दिवसांत मला त्या एका शब्दाचा फार आधार वाटला.

दादा तिसऱ्या दिवशी आला. मासळीचा वास येऊ नये म्हणून शर्टाला अत्तर लावून. खाटेच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला. डॉक्टर फेरीला आले, त्यांनी त्याचे हात बघितले आणि तिथेच सांगितलं, "तुमचं रक्त आजच देऊन जा."

डॉक्टर पुढे गेल्यावर तो माझ्यावर चिडला. "हितं आल्यावर सगल्यांनाच रोगी करतात. आनि तू येवड्या वर्षां गोल्या खाल्ल्या, काय झाला? आलीसच ना हितं?"

"आले," मी म्हटलं. "पण पायाने चालत आले, दादा. बाबा चाळिशीतच गेले. मी टेबलावरून उठून तुझ्याशी भांडतेय ना, ते गोळ्यांमुळे."

"बाबांचा नाव काडू नको त्यात. ते कष्टानं गेले. तू त्यांच्या कष्टाला रोग म्हनतेस."

तो निघून गेला. पण तो खाटेची दांडी धरून उभा असताना मी त्याच्या हाताकडेच बघत पडले होते. काहीतरी चुकीचं दिसत होतं आणि काय ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना कळलं.

बंदीतले दिवस

जूनमध्ये मासेमारी बंद होते. बोटी वर ओढून झाकून ठेवतात, माणसं जाळी दुरुस्त करत घरी असतात. मी रजेवर होते, ओवीला घेऊन दांडीला राहायला गेले. खरं सांगायचं तर दादासाठीच गेले. त्याची मुलगी मानसी दहा वर्षांची होती आणि घट्टे ज्या वयात दिसतात ते वय तिचं जवळ येत होतं. बाबांसारखा एका सकाळी तोही वाळूत बसेल, हे मला रोज डोळ्यांसमोर दिसायचं. आई म्हणायची, "कशाला डिवचतेस त्याला? आदीच त्याचा डोका तापलेला." आईची मधल्या मध्ये ओढाताण व्हायची. मी तिला म्हटलं, आई, एक माणूस आपण समजुतीने घालवला. दुसरा मी भांडून ठेवणार.

दादा पडवीत जाळं घेऊन बसला होता. मी जाऊन त्याचा हात धरला आणि उलटा केला.

"दोर कुठे लागतो, दादा? इकडे की इकडे?"

त्याने तळव्याकडे बघितलं.

"तळवा बघ. बंदीत मऊ पडलाय. दर वर्षी पडतो. घट्टे असे असतात, काम थांबलं की जातात. आणि हे?" मी हात पुन्हा पालथा केला. "दोर हाताच्या पाठीला कधी लागला? आजोबांपासून आपण सगळे ही गाठ दोराची म्हणतोय. एकानेही बघितलं नाही की ती भलत्याच बाजूला आहे."

 तो स्वतःचा हात बघत राहिला, एकदा पालथा, एकदा उताणा.

"बाबांचे कष्ट तळव्यात होते," मी म्हटलं. "ते कुणी नाही म्हणत नाही. पाठीवर होता तो आजार."

मला वाटलं, पटलं. पण त्याने हात झटकला. आवाज एकदम बारीक झाला होता त्याचा. "मंग बाबा वाचले असते म्हनतेस? त्या बाईनं सांगितला तवा रक्त दिला असता, तर?"

मला तेव्हा समजलं की तो इतकी वर्षं कशाला घाबरत होता. रोगाला नाही, या प्रश्नाला. मला "काय माहीत" म्हणता आलं असतं, "नशीब" म्हणता आलं असतं. आमच्या घरात ते सगळं म्हणून झालं होतं.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक वाचले असते."

तो उठून किनाऱ्याकडे गेला. त्यानंतर मी असेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी बोईसरला परतले तेव्हा आई रिक्षापर्यंत आली आणि ओवीला आत बसवून लगेच परत फिरली. घरी येऊन मी संजयजवळ खूप रडले, की मी माझा भाऊ तोडला. तो म्हणाला, "तुटला तर तुटला. जिवंत राहू दे."

उपाशीपोटी

बंदी उठायच्या आधी एका सकाळी दाराची कडी वाजली. दादा होता, सोबत फुगलेल्या तोंडाची मानसी. संजयने सवयीने चहाचं आधण ठेवलं.

"चा नको," दादा म्हणाला.

घरी आलेला भाऊ चहा नको म्हणतो म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही, असं मला वाटलं. माझा चेहरा पडला.

"उपाशी आलोय दोगं," तो म्हणाला. "तसाच लागतो ना?"

मानसी पुटपुटली, "काल रात्रीपासून काय दिला नाय मला."

मी गॅस बंद केला, ओढणी घेतली आणि त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले. तोंडातून शब्द काढला तर हा माणूस परत फिरेल अशी मला भीती होती, म्हणून रस्ताभर मी नुसती रिक्षावाल्याला डावीकडे, उजवीकडे सांगत बसले.

दोघांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं. दादाच्या नळ्या तपासल्या, दोन ठिकाणी साठायला लागलं होतं, पण गोळ्यांवर निभावेल म्हणाले. वेळेत आला, असंही म्हणाले. हे वाक्य आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या वाट्याला आलं.

मानसीसाठी पालघरला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी तिच्याशीच बोलायला सुरुवात केली, हे मला आवडलं. मानसीने एकच विचारलं, धावायच्या स्पर्धेत भाग घेता येईल का. येईल, म्हणाल्या. मग त्या आमच्याकडे वळल्या. घरात आणखी कुणाला आहे? मी माझं सांगितलं, दादाने त्याचं.

"आणि हिचे आजोबा? ते कशाने गेले?"

या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेलं उत्तर होतं. बोट लागली, दमले होते, वाळूत बसले. मी ते शाळेत सांगितलं होतं, सासरी सांगितलं होतं, दादाने तर मानसीला गोष्टीसारखं सांगितलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले.

"ह्याच आजारानं," तो म्हणाला. "त्यांचा उपचार झाला नाय. हिचा करायचा हाय."